ऑपरेशनशिवाय छाती वाढवण्याचे उपाय: संशोधन खरंच काय सांगतं?

प्रश्न: डॉक्टर मॅडम, मी २२ वर्षांची आहे. गाव गेवराई तालुक्यात, शिकायला लातूरला हॉस्टेलवर असते. उंची ५ फूट २ इंच, वजन ४३ किलो. छाती फारच लहान आहे. दिवाळीनंतर लग्न आहे, त्यामुळे टेन्शन येतं. दोन महिन्यांपासून एक क्रीम लावते आणि महिनाभर मैत्रिणीने दिलेल्या गोळ्या घेतेय. थोडा फरक वाटतो. पार्लरवाली ताई म्हणते की ऑपरेशनची गरजच नाही, इंजेक्शनने काम होतं आणि यावर परदेशात संशोधन झालंय. पंपाचंही ऐकलं. यातलं खरं काय? आणि पुढे बाळाला दूध कमी पडेल का?

उत्तर:

दुधाचं आधी सांगते, कारण ही भीती पोरींच्या मनात सगळ्यात खोल बसलेली असते आणि तिला काहीच आधार नसतो. स्तनाचा बाहेरून दिसणारा आकार बराचसा चरबीवर ठरतो. दूध तयार होतं ते ग्रंथींमध्ये, आणि त्या ग्रंथी वाढतात गरोदरपणात. तुझ्यासारख्या बारीक चणीच्या कितीतरी बायकांनी जुळी लेकरं अंगावर पाजून मोठी केलेली मी पाहिली आहेत. अपवाद फार थोड्या जणींचा: दोन्ही स्तन एकमेकांपासून बरेच लांब, बुडाशी अरुंद आणि पुढे निमुळते, आणि गरोदरपणातही त्यांच्यात काहीच बदल होत नाही. अशा वेळी ग्रंथीच कमी असू शकतात. ते हाताने तपासल्यावर कळतं, त्याची धास्ती घरी बसून घ्यायची नाही.

आता तुझा "थोडा फरक". तू खोटं बोलत नाहीस, फरक दिसला असेलच. पण तो क्रीमने केला असं समजू नकोस. पाळीच्या चक्राबरोबर स्तनाचं आकारमान दर महिन्याला कमी-जास्त होतं. एमआरआयने मोजून केलेल्या अभ्यासांत हे स्पष्ट दिसलं आहे: पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत आकारमान सगळ्यात कमी असतं, आणि पुढची पाळी जवळ येते तसं ग्रंथी फुगतात, पाणी साठतं, आकारमान वाढतं. एखादीने पाळी संपल्यावर टेपने मोजून डबी उघडली आणि अडीच आठवड्यांनी पुन्हा मोजलं, तर तिला वाढ दिसण्याची शक्यता चांगलीच आहे. नुसतं खोबरेल तेल लावलं असतं, किंवा काहीच लावलं नसतं, तरीही. त्यात रोज जोराने चोळल्यावर त्वचा लाल होऊन काही तास सुजते, ती भर वेगळी. आणि वापरणारी पोरगी सोळा-सतरा वर्षांची असेल तर निसर्गानेच तिची वाढ चालू असते, नाव मात्र डबीचं होतं.

म्हणून कुणी "संशोधन झालंय" म्हटलं की मी आधी विचारते: मोजलं कसं? चक्राच्या कोणत्या दिवशी? उपचार न घेतलेल्या बायकांशी तुलना केली का? उपचार थांबवल्यावर किती महिने वाढ टिकली? एवढं विचारलं तरी पार्लरमधली बहुतेक संशोधनं गळून पडतात. एक उदाहरण देते. १९७७ मध्ये अमेरिकेत संमोहनाने छाती वाढते असं सांगणारा एक अभ्यास छापून आला होता. २२ बायका, १२ आठवडे. बऱ्याच जणींचं माप वाढलं असं त्यात लिहिलं आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आज त्या पद्धतीने कुणी उपचार करत नाही, पण "अभ्यासाने सिद्ध" अशी पाटी लावायला तो कागद अजूनही उपयोगी पडतो.

क्रीम आणि जडीबुटींचं बघू. या उत्पादनांत मेथी, बडीशेप, शतावरी, सॉ पामेटो, आणि थायलंडमधला क्वाओ क्रुआ नावाचा कंद अशी नावं असतात. अमेरिकेतल्या डॉ. एड्रियन फ्यू-बर्मन यांनी २००३ मध्ये अशा उत्पादनांतले घटक एकेक करून तपासले. छाती वाढवणाऱ्या कुठल्याही वनस्पतीजन्य उत्पादनाची माणसांवर केलेली नीट चाचणी त्यांना सापडली नाही. मेथीबद्दल आपल्याकडे विश्वास जास्त आहे, कारण बाळंतिणीला आपण मेथीचे लाडू देतो. लाडू जरूर खा, त्यात तूप, गूळ, सुकामेवा असतो. मेथीतल्या डायोसजेनिन नावाच्या द्रव्यापासून कारखान्यात हार्मोन बनवता येतात हे खरं, पण आपल्या शरीरात ते रूपांतर होत नाही. क्वाओ क्रुआची गोष्ट निराळी आहे. त्यात इस्ट्रोजेनसारखं काम करणारी द्रव्यं खरोखर असतात, आणि त्यामुळेच तो निर्धोक नाही. जपानमध्ये या कंदाच्या गोळ्या खाऊन पाळी बिघडल्याच्या आणि अवेळी रक्तस्राव झाल्याच्या इतक्या तक्रारी आल्या की २०१७ मध्ये तिथल्या ग्राहक यंत्रणेने जाहीर इशारा दिला. ज्या झाडपाल्यात जोर नाही तो वाया जातो. ज्यात जोर आहे तो फक्त छातीवर थांबत नाही, गर्भाशयापर्यंत जातो.

क्रीममध्ये आणखी एक धोका मला रोज दिसतो. पांढरी डबी, नाव इंग्रजीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, घटक लिहिलेले नाहीत. अशा डबीत स्टिरॉइड असू शकतं. सुरुवातीला त्वचा मऊ आणि उजळ वाटते, दोन-तीन महिन्यांनी ती कागदासारखी पातळ होते, शिरा दिसायला लागतात, लालसर-जांभळे वळ उठतात. ते वळ पुढे फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत. तुझ्या डबीवर काय लिहिलं आहे ते नीट वाच. काहीच लिहिलेलं नसेल तर आजपासून बंद कर.

गोळ्यांची मला तुझ्या क्रीमपेक्षा जास्त काळजी आहे. लातूर, बीड, परभणी, कुठेही जा, "अंग भरायच्या गोळ्या" पुडीत बांधून मिळतात. त्यात बहुधा दोन गोष्टी असतात: भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन आणि डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड. पंधरा दिवसांत गाल भरतात, वजन काटा दोन-तीन किलो पुढे जातो, घरचे म्हणतात "पोरीला गोळी लागू पडली". ती ताकद नसते. पाणी आणि चरबी असते, आणि चरबीही तोंडावर, पोटावर, मानेच्या मागे साठते. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, पाळी चुकते, साधा ताप बरा व्हायला आठवडे लागतात. आणि एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट: तीन आठवड्यांहून जास्त दिवस स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर ते एका दिवसात बंद करायचं नसतं. आपली मूत्रपिंडावरची ग्रंथी हे हार्मोन स्वतः बनवायचं थांबवून बसलेली असते. गोळी एकदम तोडली तर उलट्या, चक्कर, रक्तदाब कोसळणं असं होऊ शकतं. तू महिनाभर घेतेस. त्यामुळे मनाने बंद करू नकोस आणि मनाने चालूही ठेवू नकोस. दोन दिवसांच्या आत पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवून देतील.

काही मुली यासाठी माला-डी घेतात. ती चांगली गर्भनिरोधक गोळी आहे, पण छातीसाठी नाही. तिने काही जणींची छाती थोडी जड होते, पाणी साठल्याने. गोळी थांबली की तेही जातं. अर्धशिशी असेल, विशेषतः डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येऊन सुरू होणारी, किंवा घरात कुणाला कमी वयात रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, तर ही गोळी डॉक्टरला न विचारता घेणं जिवावर बेतू शकतं.

"मग इस्ट्रोजेनने खरंच वाढ होते का?" असा प्रश्न कुणीही विचारेल. होते, पण जिथे ते शरीरात मुळात नाही तिथे. टर्नर सिंड्रोम असलेल्या मुलीची अंडाशयं काम करत नाहीत, उंची खुंटते, छाती येत नाही. तिला आम्ही ११-१२ वर्षांच्या सुमारास इस्ट्रोजेन अगदी थोड्या मात्रेत सुरू करतो आणि दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतो. तिथे या औषधाने खरोखर छाती घडते, आणि त्या मुलीच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो. दुसरा पुरावा युरोपातून आला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२९ पारलिंगी, म्हणजे जन्मतः पुरुषाचं शरीर असलेल्या, स्त्रियांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली वर्षभर हार्मोन दिले होते. वाढ झाली, पण माफक. जवळजवळ निम्म्या जणींची वाढ ब्राच्या सगळ्यात लहान कपाच्या मापापर्यंतही पोचली नाही, आणि जी झाली त्यातली बरीचशी पहिल्या सहा महिन्यांतच. तुझ्या अंगात इस्ट्रोजेन आहेच. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतल्यावर ते बाहेरच जातं, तसं वरून दिलेलं हार्मोन तुझ्या छातीला काही देणार नाही. आणि हार्मोन ही खेळायची गोष्ट नव्हे. २००२ मध्ये अमेरिकेतला १६ हजारांहून जास्त बायकांचा मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, कारण पाळी गेलेल्या बायकांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र दिल्यावर स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. त्या बायका तुझ्याहून खूप मोठ्या होत्या, त्यामुळे तो आकडा तुला जसाच्या तसा लावणार नाही. पण ज्या औषधाला इतकी ताकद आहे ते मैत्रिणीच्या पर्समधून घ्यायचं नसतं.

पंपाबद्दल मात्र खरं संशोधन आहे, म्हणून त्यावर थोडं थांबते. हवा खेचून छाती वाढवायची कल्पना जुनी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेत पायाने दाबायचा एक पंप टपालाने विकला जायचा, तो आता तिथल्या फसव्या वैद्यकीय उपकरणांच्या संग्रहात आहे. पण २००० मध्ये डॉ. रॉजर खौरी यांनी ब्रावा नावाचं यंत्र वापरून केलेला अभ्यास प्लास्टिक सर्जरीच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. कडेला जेल लावलेल्या दोन घुमटांतून, छोट्या नियंत्रित पंपाने, हलका आणि एकसारखा ताण द्यायचा. रोज १० ते १२ तास, १० आठवडे. १७ बायकांनी सुरुवात केली, १२ जणींनी शेवटपर्यंत नेलं. त्यांची छाती वाढली. यंत्र थांबवल्यावर पहिल्या आठवड्यात त्यातली काही वाढ उतरली, बाकीची पुढच्या महिन्यांत टिकलेली दिसली. सरासरी भर साधारण १०० मिलीची, म्हणजे एका बाजूला टपरीवरच्या चहाच्या एका कपाएवढी. २००७ मध्ये व्हिएन्नातूनही असाच अभ्यास आला, त्यात बायका जास्त होत्या, वापर चार महिन्यांहून जास्त होता आणि वाढ सरासरी दीडशे मिलीच्या आसपास सांगितली होती.

म्हणजे चाललं तर! असं तुला वाटेल. पण मघाचे प्रश्न इथेही विचारू. पहिला अभ्यास यंत्र ज्यांनी काढलं त्यांनीच केला. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, प्रत्येक बाई स्वतःच्याच आधीच्या मापाशी ताडली होती. जवळजवळ एक तृतीयांश जणी मध्येच थांबल्या. आणि निवडलेल्या बायका इतक्या जिद्दीच्या की रोज रात्रभर ते घुमट छातीवर बांधून झोपल्या. हॉस्टेलच्या चार जणींच्या खोलीत हे होईल का, तूच सांग. त्वचेला खाज, पुरळ, फोड हे त्या यंत्रातही व्हायचं. ऑनलाइन जे चारशे-पाचशे रुपयांचे कप आणि पंप मिळतात त्यांच्यात दाबावर नियंत्रणच नसतं. हाताने खेचायचं, वीस मिनिटं, जोर लावून. त्याने ऊतक वाढत नाही, केशवाहिन्या फुटतात. काळे-निळे डाग घेऊन आलेल्या मुली मी तपासल्या आहेत. ब्रावाचे आकडे दाखवून ते कप विकणं ही शुद्ध फसवणूक आहे.

आता इंजेक्शन. इथे मी तुला हात जोडून सांगते, जाऊ नकोस.

"ऑपरेशन नाही, फक्त इंजेक्शन" हे वाक्य शंभर वर्षांहून जुनं आहे आणि प्रत्येक वेळी त्याची किंमत बायकांनी मोजली आहे. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाचे सर्जन रॉबर्ट गेर्सुनी यांनी शरीरात पॅराफिन टोचायला सुरुवात केली, पुढे ते छातीतही टोचलं गेलं. गाठी, पू, सडलेली त्वचा असे परिणाम दिसल्यावर ते सुटलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पातळ सिलिकॉन टोचणं सुरू झालं, तिथून ते अमेरिकेत लास वेगासला पोचलं. इतक्या बायकांचे स्तन खराब झाले की नेवाडा राज्याने १९७० च्या दशकात अशी इंजेक्शनं देणं गुन्हा ठरवलं. मग पॉलिॲक्रिलामाइड जेल आलं. चीनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर टोचलं गेलं आणि २००६ मध्ये तिथल्या सरकारने त्यावर बंदी घातली. कारण ते जेल टोचलं तिथे राहत नाही. काखेत उतरतं, पोटाकडे सरकतं, वर्षांनंतर अचानक पिकतं. पुढचा नंबर हायलुरोनिक आम्लाच्या फिलरचा, म्हणजे भरीवपणा यावा म्हणून टोचायच्या जेलचा. ओठांत टोचतात तेच, जास्त मात्रेत. मॅक्रोलेन नावाने ते २००८ च्या सुमारास युरोपात छातीसाठी वापरात आलं. मॅमोग्राफीत, म्हणजे कॅन्सर शोधण्यासाठी काढायच्या स्तनाच्या एक्स-रेत, स्तन नीट दिसत नाही, या चिंतेतून कंपनीने २०१२ मध्ये छातीसाठीचा वापर मागे घेतला. फ्रान्सने त्याआधीच, २०११ मध्ये, सौंदर्यासाठी छातीत फिलर टोचायला मनाई केली होती. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रण यंत्रणेने, छाती वाढवण्यासाठी कुठल्याही फिलरला मान्यता दिलेली नाही.

तेव्हा तुझी पार्लरवाली ताई म्हणते ते एका अर्थी खरंच आहे, परदेशात संशोधन झालं आहे. त्याचा निकाल असा आहे.

बाटलीत काय आहे हे तिलाही ठाऊक नसतं. पातळ सिलिकॉन असेल आणि सुई चुकून रक्तवाहिनीत गेली, तर ते फुप्फुसात जाऊन अडकतं आणि बाई काही तासांत दगावू शकते. वाचली तर पुढचा प्रश्न: सिलिकॉन किंवा जेल ऊतकांत मिसळल्यावर ते पूर्ण काढता येत नाही. काढायचं तर सोबत चांगलं ऊतकही जातं, कधी पूर्ण स्तन काढायची वेळ येते. आणि ज्या ग्रंथींतून उद्या तुझ्या बाळाला दूध मिळणार आहे, त्यांच्यातच तू हे टोचून घेणार आहेस.

मॅमोग्राफीचा मुद्दा इथल्या बायकांसाठी फार मोठा आहे. भारतात बायकांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे, २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण. मराठवाड्यातली बाई आधीच उशिरा येते. गाठ दुखत नाही म्हणून घरात सांगत नाही, पेरणी-काढणी उरकू दे म्हणते, आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात किंवा बार्शीला पोचते तेव्हा गाठ काखेपर्यंत गेलेली असते. त्यात छातीभर टोचलेल्या पदार्थाच्या गाठी असतील तर त्यातली खरी गाठ कोणती, हे हाताला कळत नाही आणि सोनोग्राफीतही ओळखणं अवघड होतं.

स्वतःची चरबी काढून छातीत भरायची पद्धत यापेक्षा वेगळी आहे आणि तिला शास्त्रात जागा आहे. पण ती "बिना ऑपरेशन" नव्हे. पोटातून किंवा मांडीतून लायपोसक्शनने चरबी काढावी लागते, ऑपरेशन थिएटर लागतं, प्लास्टिक सर्जन लागतो. अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने १९८७ मध्ये छातीत चरबी भरायला विरोध केला होता, २००९ मध्ये नव्या पुराव्यांवरून ती भूमिका सौम्य केली. भरलेल्या चरबीतला बराच भाग काही महिन्यांत विरघळतो, मेलेल्या चरबीच्या गाठी किंवा चुन्याचे ठिपके राहू शकतात. शिवाय तुझ्या ४३ किलोंत काढायला चरबी आहे कुठे? "स्टेम सेल" (मूळ पेशी) म्हणून कुणी जाहिरात करत असेल तर एवढं लक्षात ठेव: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीत करता येतो. पैसे घेऊन छातीसाठी नाही. रक्तातून काढलेल्या पीआरपीने, म्हणजे प्लेटलेट जास्त असलेल्या द्रवाने, छाती वाढते, यालाही भरवशाचा पुरावा नाही.

आता तुझ्यासाठी काय करता येईल ते सांगते, कारण नुसतं "नको, नको" ऐकून तू परत त्या पार्लरलाच जाशील.

तुझी उंची आणि वजन धरून बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, १७ च्या थोडा वर येतो. १८.५ च्या खाली म्हणजे वजन कमी. तुला निदान ४६ किलोपर्यंत यायला हवं, आणि तेही पुडीने नाही. हॉस्टेलच्या पोरींचं मला माहीत आहे: सकाळी चहा-बिस्किटावर क्लासला पळायचं, दुपारी डब्यातली अर्धी पोळी, रात्री मॅगी. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, तुझं हिमोग्लोबिन मोजलं आहेस का कधी? सकाळी पोटभर भाकरी किंवा पोळी, सोबत शेंगदाण्याची चटणी, दिवसाला दोन अंडी किंवा दूध-दही, दोन्ही वेळा घट्ट वरण किंवा उसळ, हाताशी गूळ-शेंगदाणे. वजन वाढलं की छातीतही थोडी चरबी येईल. किती येईल ते आई-मावशीकडून आलेल्या ठेवणीवर आहे, तो शब्द मी देणार नाही. पण पाळी नीट होईल, केस गळायचे थांबतील, आणि पुढे गरोदरपण झेपेल. व्यायामाने स्तन वाढत नाही, कारण स्तनात स्नायूच नाही. भिंतीला किंवा जमिनीवर हात टेकून काढलेल्या जोरांनी त्याच्या खालचा छातीचा स्नायू भरतो, खांदे मागे जातात आणि उभं राहणं बदलतं. फरक थोडा पण खरा असतो.

ब्राचं मापही बघ. आपल्याकडे दुकानात काउंटरवर बाप्या माणूस असतो, पोरगी लाजत "बत्तीस द्या" म्हणते आणि जे हातात येईल ते घेऊन निघते. कपाचं माप कुणी विचारत नाही, सांगत नाही. छातीच्या खाली टेप लावून एक माप घे, सगळ्यात उभार असलेल्या जागी दुसरं. दोन्हींत एक इंचाचा फरक म्हणजे ए कप, दोन म्हणजे बी. नीट मापाची, हलक्या पॅडची ब्रा लग्नाच्या ब्लाऊजखाली तेच काम करते ज्यासाठी तू हजारो रुपये द्यायला निघाली होतीस. दोन्ही बाजू थोड्या कमी-जास्त असणं बहुतेक सगळ्या बायकांत असतं, त्याची काळजी नको.

डॉक्टरकडे मात्र या गोष्टींसाठी यायलाच हवं: १३ वर्षं पूर्ण होऊनही छाती यायला सुरुवातच नाही, १५ पर्यंत पाळी नाही, आधी नीट येणारी पाळी बंद झाली, बाळ नसताना दुधासारखा स्राव येतो, छाती आधी भरलेली होती आणि आता आटली, एकाच बाजूची छाती आलीच नाही. त्यात थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच अशा रक्तचाचण्या आणि सोनोग्राफी लागते. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, अंबाजोगाईला, लातूरच्या शासकीय रुग्णालयात हे होतं. गाठ, रक्ताचा स्राव, आत ओढलेलं बोंड, यासाठी तर एक आठवडाही थांबायचं नाही.

एक बाजू न येण्याचं एक कारण आपल्याच घरात असतं, ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जन्मल्यावर काही दिवसांनी बाळाची छाती आईच्या हार्मोनमुळे फुगते, कधी थेंबभर दूधही येतं. मुलगी असो की मुलगा. ते आपोआप काही आठवड्यांत जातं. पण तेल लावताना आजी किंवा मालिशवाली बाई ती छाती पिळते, "बोंड नीट यावं" म्हणून. त्यातून पू होतो, गळू होतं, आणि आतला कोंब जळून गेला की वयात आल्यावर त्या बाजूला स्तन येतच नाही. त्याला मग ना क्रीम आहे, ना पंप. मोठ्या ऑपरेशनशिवाय मार्ग उरत नाही. चार-पाच वर्षांनी तुझ्या मांडीवर लेकरू असेल, तेव्हा कुणालाही, अगदी सासूबाईंनाही, ते करू देऊ नकोस. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या एका बाजूला बटणाएवढी दुखरी गाठ आली तर ती बहुधा छातीची सुरुवातच असते, ती कापायला जाऊ नये, हेही घरात सांगून ठेव.

लग्नाबद्दल. जगभरच्या ४० देशांतल्या १८ हजारांहून जास्त बायकांना विचारून केलेला एक अभ्यास २०२० मध्ये आला. त्यातल्या जवळजवळ निम्म्या बायकांना आपली छाती मोठी हवी होती, आणखी सुमारे चौथाई बायकांना लहान हवी होती. समाधानी होत्या त्या तीसेक टक्केच. तुझ्या वर्गातली जिच्याकडे बघून तुला कमीपणा वाटतो, ती कदाचित ओढणीने छाती झाकत फिरत असेल. होणाऱ्या नवऱ्याने किंवा सासरच्या कुणी यावर काही बोललं असेल तर ते आईला किंवा वहिनीला सांग, एकटीने गिळू नकोस. आणि दिवसातले तास आरशापुढे जात असतील, अभ्यास सुटला असेल, झोप येत नसेल, तर त्यावर समुपदेशन मिळतं. शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जाण्यात काही लाज नाही.

पार्लरवालीला आगाऊ पैसे दिले असशील तर मागून घे. ती टाळाटाळ करू लागली तर सांग की छातीचा आकार आणि ठेवण बदलण्याच्या उपचाराची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपचार कायद्यानेच मनाई आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात स्त्रियांच्या छातीचा आकार आणि ठेवण हा विषय नाव घेऊन लिहिलेला आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तिच्याकडे इंजेक्शनची बाटली किंवा पत्रक असेल तर त्याचा फोटो काढ आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी तक्रार दे. तुझ्याबरोबर आणखी मुली असतील तर सगळ्यांनी मिळून सही करा.

तपासायला येशील तेव्हा क्रीमची डबी आण, रिकामी असली तरी चालेल. उरलेल्या गोळ्या पुडीसकट आण. गेल्या तीन पाळ्यांच्या तारखा आठवून कागदावर लिहून ठेव, आणि सकाळी काही न खाता ये, म्हणजे रक्ताच्या सगळ्या तपासण्या त्याच दिवशी उरकतील.